किमतीच्या पक्ष्याला वैद्य

जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरात रूला हे चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांचे गाव. तिथल्या एका कारागिराने चांगल्या गळ्याच्या एका चॅफिंचसाठी आपली गाय देऊन टाकली, अशी हकीकत योहान माथेउस बेखश्टाइन याने नोंदवून ठेवली आहे. बेखश्टाइन त्याच मुलखातला, वाल्टर्सहाउझेनचा. घरात पाळायच्या पक्ष्यांवरचा त्याचा ग्रंथ १७९५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढची शंभर वर्षे युरोपभर वाचला गेला. गायीची गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. मला ती त्याच ग्रंथातल्या आजारांवरच्या मजकुराशेजारी ठेवून वाचावीशी वाटते. वीस-बावीस ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या धापेची, हगवणीची, आकडीची आणि अडकलेल्या अंड्याची इतकी बारकाईने नोंद करायला कोणी का बसावे, याचे उत्तर त्या गायीत आहे. पिंजऱ्यातल्या फिंचांच्या दुखण्यांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कोणता पक्षी ‘रोगी’ ठरायचा आणि कोणता नुसताच ‘मेला’ म्हणायचा, हे आधी बाजार ठरवत होता. दुखणे पाहणारी नजर तयार झाली ती पक्ष्याला किंमत असल्यामुळे, आणि ती नजर कुठपर्यंत पोहोचणार हेही किमतीनेच आखून दिले.

फिंच हा शब्द इथे पक्षीबाजाराच्या सैल अर्थानेच घ्यायला हवा. कॅनरी, चॅफिंच, बुलफिंच, गोल्डफिंच हे शास्त्राच्या दृष्टीने खरे फिंच. आपली लाल मुनिया किंवा आज घराघरांत दिसणारी ऑस्ट्रेलियन झेब्रा फिंच ही वेगळ्या कुळातली. पण पिंजरा, दाणे आणि बहुतेक दुखणी सारखीच, म्हणून पाळणाऱ्यांनी त्यांना कायम एकाच गोतात धरले. यांपैकी कॅनरीची नोंद बरीच जुनी. कोनराड गेस्नरने १५५५ च्या आपल्या पक्षीग्रंथात तिची दखल घेतली, १६२२ मध्ये रोमला ओलिनाने पक्षी कसे धरावेत, ओळखावेत आणि सांभाळावेत यावर सचित्र पुस्तक काढले, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एर्व्यू द शांतलू याने फक्त कॅनरीवर फ्रेंचमध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ एका राजघराण्यातल्या बाईंच्या कॅनरींची देखरेख करणारा. म्हणजे पहिला कॅनरीतज्ज्ञ हा पगारी नोकर होता, आणि त्याच्या हाताखालचा पक्षी मेला तर त्याला जाब द्यावा लागणार होता. निरीक्षण धारदार व्हायला याहून चांगली परिस्थिती कोणती?

आणि निरीक्षण खरोखरच धारदार होते. पिसे फुलवून गोळा होऊन बसणे, भर दिवसा डोळे मिटणे, श्वासागणिक शेपूट खालीवर होणे, चोच उघडी ठेवून धाप लागणे, दाणे नुसते सोलून टाकणे आणि पोटात काहीच न जाणे, छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागणे, विष्ठा पातळ होऊन शेपटीखालची पिसे चिकटणे: आज पक्ष्यांचा डॉक्टर ज्या खुणा पाहतो त्यांतल्या बहुतेक खुणा जुन्या पालकांना ठाऊक होत्या. नराच्या बाबतीत याहून मोठी खूण होती. गाणे थांबले की काहीतरी बिनसले. पिसे झडण्याच्या काळात गाणे थांबते ते स्वाभाविक, एरवी थांबते ते दुखण्याने, हा फरकही ते करत. म्हणजे ओळखण्याची विद्या अठरावे शतक संपेपर्यंत चांगली पिकलेली होती.

उपचारांचे पारडे मात्र दुसऱ्याच बाजूला झुकलेले दिसते. पाण्यात केशराच्या काड्या, पाण्यात गंजका खिळा, रेच म्हणून खायला कोळी, ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी औषधे. धाप लागलेला पक्षी तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे जिभेचे टोक सुकून कडक होते. पालकांना ते टोक दिसले, म्हणून तेच दुखणे ठरले, आणि ती कडक साल नखाने किंवा सुईने काढून टाकणे हा इलाज शतकानुशतके चालला. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. आजारी पक्षी स्वतःची पिसे साफ करायचे सोडतो, मग ती ग्रंथी तुंबते, फुगते. फुगलेली दिसली की सुईने फोडायची. ग्रंथीच नष्ट झाली तर पुढच्या पीसझडीला तेलाअभावी पक्षी दगावतो, असा इशारा खुद्द बेखश्टाइनने दिला आहे. तरी सुई चालतच राहिली. चूक नजरेची नव्हती. चिन्हालाच रोग मानण्याची होती, आणि त्या काळात माणसांचे वैद्यकही बरेचसे तसेच चालले होते, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे. या सगळ्या गोंधळात एकच उपाय बिनचूक होता, आणि तो प्रत्येक पुस्तकात औषधांच्या यादीआड लपलेला असतो: पक्ष्याला शेगडीजवळ उबेत ठेवा. एवढ्याशा देहाचे तापमान एकेचाळीस-बेचाळीस अंश राखायचे म्हणजे सतत खावे लागते. खाणे थांबले की काही तासांत शिलकीतले इंधन संपते. बाहेरून ऊब मिळाली की तो खर्च वाचतो आणि रोगाशी झुंजायला थोडा अवधी मिळतो. आजही आजारी फिंचला पहिल्यांदा तीस अंशांच्या आसपासच्या उबदार पिंजऱ्यातच ठेवतात. केशराने बरे झाले असे ज्यांना वाटले, त्यांचे पक्षी बहुधा शेगडीने वाचले असावेत.

किमतीचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो हार्झ पर्वतात. झांक्ट आंद्रेआसबेर्ग हे तिथले खाणीचे गाव. तिरोलमधल्या इम्स्टहून आलेल्या खाणकामगारांबरोबर कॅनरी इथे आली, असे तिथला इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकात घरोघरी हा जोडधंदा झाला. चिमुकल्या लाकडी पिंजऱ्यांची उतरंड पाठीवर बांधून फेरीवाले पायी हिंडत. आल्फेल्डच्या रायशे आणि रूहे या व्यापाऱ्यांनी हे पक्षी जहाजाने न्यूयॉर्कपर्यंत पोचवले. इथे पिल्लांना गाणे शिकवायला जुना पट्टीचा गायक नर ठेवत. एखाद्याचा सूर घोगरा झाला तर पिल्ले तोच उचलतील, या धास्तीने त्याला लगेच खोलीबाहेर काढत. घोगरेपणा हे कॅनरीच्या श्वासनलिकेच्या रोगांचे नेमके पहिले लक्षण. म्हणजे संगीताच्या काळजीपोटी या लोकांनी, स्वतःला न कळत, संसर्ग झालेल्या पक्ष्याला वेगळे ठेवण्याचा नियम पाळला! पण त्याच घरात, त्याच दाण्यावर वाढलेली मादी गात नसल्यामुळे तिला बाजारात भाव नव्हता. तिचा घोगरेपणा ऐकायला कोणी कान देऊन बसत नव्हते. एकाच जातीत, एकाच खोलीत, एकाला रोगी होण्याचा मान आणि दुसरीला नाही, याला दुसरे कारण सापडत नाही.

आता आपल्याकडे या. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात सुरत आणि मुंबई परिसरात होता. अहमदाबादकडून येणाऱ्या, लालसर अंगावर पांढरे ठिपके असलेल्या चिमण्या पक्ष्यांचा त्याने उल्लेख केला आहे: पन्नास-पन्नास एका पिंजऱ्यात, आणि सगळ्यांचे मिळून गाणे. हीच आपली लाल मुनिया. लिनियसने १७५८ मध्ये तिला दिलेल्या शास्त्रीय नावात अहमदाबादच दडलेले आहे. म्हणजे कॅनरीप्रमाणेच हाही पक्षी फार लवकर जगाच्या बाजारात उतरला. पण कॅनरीच्या वाट्याला आला तसा दुखण्यांचा शोध त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्याविषयीच्या लिखाणात भर असतो तो रंगावर, आवाजावर आणि एका पिंजऱ्यात किती मावतात यावर. फ्रायर स्वतः डॉक्टर होता हे लक्षात घेतले तर ही गोष्ट अधिकच बोलकी वाटते. गवताळ माळावर जाळे टाकून थव्याने धरायचा, टोपलीने विकायचा, वाटेत मेले तर तेवढे वजा धरून भाव लावायचा, अशा पक्ष्याचे दुखणे ओळखण्यापेक्षा दुसरा पक्षी आणणे स्वस्त पडते. मृत्यू इथे रोग नव्हता, तूट होती.

यावर पहिला आक्षेप पक्षी पाळणारेच घेतील. ते म्हणतील, किमतीचे काय घेऊन बसलात, हे पक्षी दुखणे लपवतातच. शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून आजारी फिंच शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा देखावा करते, सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली सापडते, यात बाजाराचा दोष कुठे? लपवतात हे खरे आहे. पण त्याच पक्ष्याचा उलटा उपयोगही इतिहासात नोंदलेला आहे. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधल्या टायलरस्टाउनच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ५७ माणसे मेली. बहुतेक स्फोटाने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मेली, असे जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले, आणि उंदरासारखा छोटा उष्णरक्ती प्राणी बरोबर न्यावा असे सुचवले. उंदराच्या जागी लवकरच कॅनरी आली. तिचा श्वासोच्छ्वास वेगवान, वायुकोशांमुळे फुप्फुसातून हवा सतत एकाच दिशेने वाहणारी, त्यामुळे विष तिला माणसाच्या आधी बाधते. पण केवळ आधी बाधते म्हणून तिची निवड झाली नाही. ती दांडीवर झोकांड्या खाते, खाली पडते, आणि ते दिव्याच्या उजेडात खाणकामगाराला दिसते, हेही कारण होते. बचावपथकांसाठी प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेला पिंजराही निघाला, बंद झडप, सोडा वायू, आणि पक्षी पुन्हा उभा. ब्रिटिश खाणींतून कॅनरी हटवण्याचा निर्णय झाला तो थेट १९८६ मध्ये. झटक्यात येणारे विष आणि हळूहळू पोखरणारा रोग यांत फरक आहे हे मान्य. तरीही ज्याच्या जिवावर आपला जीव अवलंबून आहे त्या पक्ष्याकडे माणूस क्षणभरही नजर न हलवता पाहतो, आणि मग तो पक्षी फारसे काही लपवू शकत नाही. लपवणे हा पक्ष्याचा गुण आहे, पण न दिसणे हा पाहणाऱ्याचाही असू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो आपल्याच भूमीतून येतो. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये खंबायतला आला तेव्हा त्याने तिथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले, सर्व तऱ्हेचे पक्षी तिथे ठेवलेले होते. बरे झाले की रानातले सोडून देत आणि माणसाळलेले एखाद्या धार्मिक गृहस्थाला सांभाळायला देत. फ्रायरच्या लाल मुनिया ज्या गुजरातेतून बाहेर जात होत्या त्याच गुजरातेत, पन्नास वर्षे आधी, पक्ष्याला छदामही किंमत नसताना त्याची शुश्रूषा होत होती. पुढे मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरपोळ उभा राहिला, दिल्लीत चांदणी चौकात जैनांचे पक्षी रुग्णालय १९२९ पासून आहे. मग किमतीशिवाय वैद्य मिळत नाही, हे म्हणणे कोसळते की काय? अर्धे कोसळते, आणि कोसळू द्यावे. करुणेने पक्ष्याला आसरा दिला, ऊब दिली, दाणा दिला, शांतता दिली, आणि वर सांगितल्याप्रमाणे फिंचच्या बहुतेक दुखण्यांत तेवढेच खरोखर कामाला येत होते. जिभेची साल काढणाऱ्या युरोपीय पालकापेक्षा खंबायतचा सेवक पक्ष्याला कमी इजा करत असणार, असे मला वाटते. पण दुखण्यांची वर्गवारी, या धापेत आणि त्या धापेत फरक काय, कोणते दुखणे एकाचे दुसऱ्याला लागते, हा हिशेब दयेच्या पोटी तयार झाला नाही. दयेला सर्व जीव सारखे. वैद्यकाला मात्र एक दुखणे दुसऱ्यापासून वेगळे काढावे लागते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे एकाच जातीच्या पक्ष्यांवर पैसा खर्च करणारा कोणी तरी लागतो. खंबायतला दया होती आणि हार्झला वही होती. या दोन्ही गोष्टी एका छपराखाली यायला विसावे शतक उजाडले.

ते शतकही फिंचांसाठी सरळ उजाडले नाही. रोनाल्ड रॉस याने १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग करून डासाची भूमिका सिद्ध केली. त्यानंतर पक्ष्यांचा मलेरिया हे प्रयोगशाळांचे हुकमी साधन बनले आणि सहज मिळणारी, पिंजऱ्यात टिकणारी कॅनरी त्यात अडकली. १९२० च्या दशकात बायर कंपनीच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत मलेरियावरची नवी रसायने आधी मलेरिया दिलेल्या कॅनरींवर पारखली जात, मग माणसावर. तिथल्याच वाल्टर किकुट याने गोलूबबरोबर १९३२ मध्ये कॅनरीच्या देवीसारख्या विषाणुरोगाचे वर्णन केले. पालकांच्या खोल्या या रोगाने ओस पडत असताना त्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते माणसाच्या औषधासाठी ठेवलेल्या कॅनरींच्या निमित्ताने. कोंबडीचे रोग तर त्याच्या कितीतरी आधी अभ्यासले गेले होते, पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर लस केली ती १८८० च्या सुमारास. अंडी आणि मांस यांची किंमत गाण्याच्या किमतीहून मोठी, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती जुनी धाप? कॅनरीच्या श्वासनलिकेत आणि वायुकोशांत राहणाऱ्या सूक्ष्म किडीचे वर्णन लॉरेन्सने दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्ये केले. गाणे बंद होणे, श्वासाबरोबर बारीक टक्-टक् आवाज, उघडी चोच ही तिची लक्षणे. हार्झच्या पालकांचे ‘घोगरे’ पक्षी आणि बेखश्टाइनच्या ‘दमेकरी’ पक्ष्यांतले काही तरी या किडीचेच बळी असतील. १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन हे औषध आले आणि मानेच्या कातडीवर मोजून टाकलेल्या थेंबाने ही कीड मरू लागली. पण हे औषधसुद्धा फिंचसाठी शोधलेले नव्हते. ते गुराढोरांच्या जंतांसाठी आले होते, फिंचच्या वाट्याला त्याचा थेंब आला.

आणखी एक आक्षेप राहतो: रानातले फिंच काय आजारी पडत नाहीत? पिंजरा आणि बाजार यांच्यावर सगळे ढकलणे योग्य आहे का? रानातही रोग आहेतच, ऑस्ट्रेलियातल्या रानटी गुल्डियन फिंचमध्येही ती श्वासनलिकेची कीड सापडली आहे. पण अमेरिकेतल्या हाउस फिंचची कहाणी या आक्षेपाला चांगले उत्तर देते. पश्चिमेकडचा हा पक्षी ‘हॉलिवूड फिंच’ अशा झोकदार नावाने न्यूयॉर्कच्या दुकानांत बेकायदा विकला जात होता. १९४० च्या सुमारास कारवाईची चाहूल लागताच विक्रेत्यांनी पिंजरे उघडून पक्षी लाँग आयलंडवर सोडून दिले. त्या मूठभर पक्ष्यांची प्रजा पूर्व अमेरिकाभर पसरली. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या परिसरात अंगणातल्या दाण्याच्या पात्रांवर सुजलेल्या, चिकट डोळ्यांचे हाउस फिंच दिसू लागले. रोगजंतू कोंबड्यांच्या खुराड्यांत जुना परिचयाचा होता. काही वर्षांतच पूर्वेकडे या पक्ष्यांची संख्या भराभर घटली. आपल्या मुद्द्याला उपयोगी गोष्ट अशी की हे दुखणे प्रथम ओळखले ते अंगणात दाणे ठेवणाऱ्या सामान्य लोकांनी, आणि कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्याच नोंदी गोळा करून साथीचा माग काढला. विकत घेतलेला नाही, विकायचा नाही, अशा पक्ष्याकडे हजारो लोक वही घेऊन पाहत बसले. किमतीवाचून पाहणे शक्य आहे याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही. उपचार मात्र तिथेही झाला नाही. पात्रात औषध टाकू नका, पात्रे धुवा आणि आजारी पक्षी दिसले तर काही दिवस दाणा बंद करा, एवढाच सल्ला देता आला.

भारतात देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर १९९० नंतर सरसकट बंदी आली. मुनिया पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तरी त्या चोरून विकल्या जातात, आणि रंगवून विदेशी म्हणून खपवल्या जातात. रंगवलेला पक्षी चोचीने पिसे साफ करताना तो रंग गिळतो, म्हणजे दुखणेही दुकानातूनच बरोबर येते. असा पक्षी दया म्हणूनसुद्धा विकत घेऊ नये, कारण ती दया पुढच्या जाळ्याची किंमत भरते. कायद्याने पाळता येतात त्या झेब्रा फिंच आणि बेंगॉली फिंच. त्यांची जोडी इतकी स्वस्त मिळते की डॉक्टरची एका वेळची फी तिच्या किमतीहून जास्त होते, आणि तीनशे वर्षांचा जुना हिशेब पुन्हा मांडला जातो: औषध करण्यापेक्षा दुसरी आणू. घरी फिंच असेल तर हा हिशेब मांडू नका. पक्षी दिवसा पिसे फुलवून बसला, शेपूट श्वासाबरोबर हलू लागली किंवा दाण्याच्या भांड्यात नुसती फोलपटे दिसली, की त्याला बाकीच्यांपासून वेगळा करा, पिंजऱ्याच्या एका बाजूला ऊब द्या, दाणापाणी दांडीजवळ ठेवा, दुकानदाराने दिलेली पूड पाण्यात कालवू नका, आणि सकाळपर्यंत न थांबता पक्ष्यांचे जाणकार पशुवैद्य गाठा.